पगारेसाहेबांचा घरचा नाका

जकात बंद झाली, नाक्यावरची कचेरी पाडली, तिथला आडवा बांबू कोणीतरी मांडवाला नेला, तरी देवराम पगाऱ्यांच्या डोळ्यांतून नाका काही गेला नाही. उरलेल्या नोकरीसाठी महापालिकेने त्यांना जन्म-मृत्यू विभागात बसवलं. तिथेही ते बाळाच्या जन्माचा कागद असा उलटसुलट करून बघत की बाळाच्या बापाला वाटे, आपण काहीतरी चोरून शहरात आणलंय. निवृत्त झाल्यावर ते सोसायटीचे सेक्रेटरी झाले आणि फाटकावर पास सुरू झाले. सामान आत येताना पास, बाहेर जाताना पास. ज्याच्याकडे कागद नाही तो थांबेल. सोसायटीतल्या एका लग्नात रुखवताचा टेम्पो याच नियमापायी नवरा-नवरी जेवायला बसेपर्यंत फाटकावर उभा राहिला होता. मुलीच्या मामाने पगारेसाहेबांशी कायमचं बोलणं सोडलं, पण नियम हलला नाही.

अशा माणसाच्या घरात फायरवॉल येणं म्हणजे आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास. त्यांचा मुलगा रोहित नाशकातल्याच अंबडच्या एका कारखान्यात होता. कारखान्याने नवी फायरवॉल घेतली आणि जुनी भंगारात काढली. ती रोहितने घरी आणली.

"हा डबा कसला रे?" पगारेसाहेबांनी विचारलं.

"फायरवॉल, पप्पा. इंटरनेट आणि आपलं घर यांच्या मध्ये बसते. येणारा-जाणारा सगळा माल तपासते. कागद बरोबर असला तर सोडते, नाहीतर अडवते."

पगारेसाहेब खुर्चीतून उठून उभे राहिले. "म्हणजे नाका!"

"तसंच म्हणा," रोहित म्हणाला, आणि बिचारा जेवायला बसला. आपण काय बोलून गेलो याची त्याला कल्पना नव्हती.

डबा शोकेसवर बसला. त्याचं जाडजूड इंग्रजी माहितीपुस्तक पगारेसाहेबांनी छापून आणलं, स्पायरल करून घेतलं आणि हातात लाल पेन घेऊन ते वाचायला लागले. लताबाईंनी, म्हणजे त्यांच्या मंडळींनी, पेन्शनीत निघाल्यापासून नवऱ्याला एवढं खूश पाहिलं नव्हतं. "भाजीला जा म्हटलं की गुडघा दुखतो यांचा," त्या म्हणाल्या, "आणि आता बघा, त्या डब्यापुढे तासन्‌तास ताठ बसतात."

अडलेल्या शब्दांसाठी त्यांची सून निकिता होती. निकिता पुण्याच्या एका कंपनीत कामाला होती, पण काम नाशकातूनच करायची, आतल्या खोलीत दार लावून. त्यामुळे ती, रोहित आणि त्यांची पहिलीत शिकणारी मुलगी मैत्री असा सगळा संसार सासू-सासऱ्यांच्या जवळ होता. या एका गोष्टीवर पगारेसाहेबांचं सगळं सुख उभं होतं. ते तसं बोलून दाखवत नसत, पण मैत्रीच्या शाळेच्या बसची वेळ झाली की घरातलं कुठलंही महत्त्वाचं काम सोडून ते फाटकाशी जाऊन उभे राहत.

"पप्पा, इंटरनेटवरून काहीही पाठवलं ना, की ते पॅकेटमध्ये भरून जातं," निकिताने समजावलं. "फोटो असो, बोलणं असो. एकेका पॅकेटवर पत्ता असतो, कुठून आलं, कुठे जायचं, घरातल्या कोणत्या दाराशी जायचं."

"बिल्टीच ती, ट्रकच्या मालाबरोबरची," साहेब म्हणाले.

मग तिने त्यांना डब्याला जोडलेल्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर येणाऱ्या-जाणाऱ्या पॅकेटांची नोंद उघडून दिली आणि पगारेसाहेब थक्क झाले. ओळीवर ओळ, ओळीवर ओळ, डोळा ठरत नव्हता. कांद्याच्या लिलावाच्या दिवशी लासलगावला ट्रॅक्टरांची रांग लागते ती त्यांनी पाहिली होती, आणि जगात याहून मोठी रांग नसेल अशी त्यांची समजूत होती. इथे मैत्रीने नुसतं एक कार्टून लावलं तर दहा लासलगावं भरतील एवढा माल त्यांच्या शोकेसवरून गेला. कुठली कुठली गावं! सिंगापूर काय, आयर्लंड काय. सगळं पगाऱ्यांच्या घरी यायला निघालेलं, आणि आपल्याला आजवर पत्ताच नाही. "अगं, हे सगळं आपल्या घरात येतंय," ते लताबाईंना म्हणाले. लताबाईंनी आधी पदर सावरला, मग दाराकडे बघितलं.

त्या दुपारपासून साहेबांनी एकेक नियम लावायला घेतला. नको त्या देशांतली वाहतूक बंद केली. नको ती दारं बंद केली. आणि एक दिवस पुस्तकाच्या मधल्या भागात त्यांना तुकड्यांची हकिकत सापडली.

पॅकेट मोठं असेल आणि वाटेत रस्ता अरुंद लागला, तर तिथे त्याचे तुकडे करतात. मोठ्या ट्रकचा माल उतरवून छोट्या गाड्यांत भरावा तसं. पण कोणत्या दाराशी जायचं तो पत्ता फक्त पहिल्या तुकड्यात असतो. मागच्या तुकड्यांवर तो नसतो. आणि पुढे पुस्तक इशारा देत होतं की चोर याचा फायदा घेतात, तुकड्यांच्या गर्दीत भलतंसलतं आत घुसवतात. तुमच्यापुढे तीन मार्ग आहेत, असं पुस्तक म्हणत होतं. तुकडे सरळ सोडा, तुकडे जोडून तपासा, नाहीतर तुकडे अडवा.

पगारेसाहेब मोठ्याने हसले. ही युक्ती शिकवायला इंग्रजी पुस्तक कशाला हवं होतं? नाक्यावर उभी हयात गेली त्यात. पहिला ट्रक कागद दाखवणार, सलाम ठोकणार, आणि मागचे दोन म्हणणार, साहेब, आम्ही त्याच्याच मागचे! "मागचा म्हणे," साहेब पडद्याला म्हणाले, "कोणीही म्हणेल मी मागचाच आहे. ज्याच्याकडे कागद नाही त्याला सोडायचं नाही." आणि त्यांनी 'तुकडे अडवा' यावर खूण केली.

नवल असं की काहीसुद्धा बिघडलं नाही. कार्टून चालू, व्हॉट्सअॅप चालू, निकिताचं ऑफिस चालू. रोजचा माल मुळातच लहान गाड्यांतून यायचा, त्यामुळे तुकडे फारसे नव्हतेच. महिनाभर असं सुरळीत गेल्यावर साहेबांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. शेजारच्या शेखर गायधनींना ते घरी बोलावून नाका दाखवू लागले. गायधनी प्रेसमधून निवृत्त. देशाच्या नोटा छापून झाल्यामुळे जगातल्या कुठल्याही सुरक्षेबद्दल बोलायचा आपल्याला अधिकार आहे असं त्यांचं मत होतं. त्यांनी डब्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "पगारे, सगळं ठीक आहे. पण आगीची वस्तू तुम्ही ईशान्येला ठेवलीत."

"आग नाही हो यात."

"नावात तर आहे ना!" गायधनी म्हणाले आणि चहा संपवून गेले.

त्यानंतरच्या सोमवारी निकिताच्या कंपनीने नवं ओळखपत्र लागू केलं. घरून काम करणाऱ्याने ऑफिसच्या कॉम्प्युटरपर्यंत एका बंद बोगद्यातून जायचं असतं, आणि बोगद्याच्या तोंडाशी दोन्ही बाजूंनी एकमेकांना ओळख पटवावी लागते. जुनी ओळख छोटी होती. नवी कडक सुरक्षेची, लांबलचक. निकिताने सकाळी लॅपटॉप उघडला, बोगद्याचं बटण दाबलं, आणि ते चक्र जे फिरायला लागलं ते फिरतच राहिलं. बाकी सगळं चालू. व्हिडिओ चालतो, फोन चालतो, बातम्या दिसतात, फक्त ऑफिसचं दार उघडत नाही.

कंपनीच्या मदतकक्षाने पुण्यात त्यांच्या चाचणीच्या लाइनवर तोच लॅपटॉप लावून बघायला सांगितलं. निकिता पहाटेच्या बसने गेली. पुण्यात चक्र एकदा फिरून लगेच थांबलं, दार उघडलं. "म्हणजे प्रॉब्लेम नाशिकचा आहे," मदतकक्ष म्हणाला. मोबाईलवरून करावं तर कंपनीचा नियम असा की घरची नोंदवलेली लाइनच चालेल. मॅनेजरने गोड आवाजात सांगितलं की आठवड्याभरात जमलं तर उत्तम, नाहीतर पुढच्या सोमवारपासून पुण्याला येऊन बसावं लागेल.

ही बातमी ऐकून पगारेसाहेब दोन घास कमी जेवले. निकिता पुण्याला म्हणजे मैत्री पुण्याला. रोहितची नोकरी अंबडला, तो इथे. शनिवार-रविवारी कोणीतरी कोणाकडे तरी जाणार, आणि शाळेच्या बसची वेळ झाली की ते फाटकावर कोणासाठी उभे राहणार? ते कपडे करून सरळ इंटरनेटवाल्यांच्या द्वारका चौकाजवळच्या कचेरीत गेले.

तिथल्या मुलीने विचारलं, "काका, इंटरनेट बंद आहे का?"

"बंद नाही."

"मग हळू आहे?"

"हळूही नाही. चालतंय, पण पोचत नाही."

मुलीने कॉम्प्युटरमध्ये बराच शोध घेतला. "काका, आमच्याकडे बंद, हळू आणि बिल अशा तीनच तक्रारी आहेत. चालतंय पण पोचत नाही अशी नाहीये." शेवटी नाइलाजाने 'हळू' अशी नोंद झाली, आणि दुसऱ्या दिवसापासून कंपनीने त्यांचा वेग दुप्पट केला. चक्र आता दुप्पट वेगाने फिरू लागलं, एवढाच काय तो फरक.

तोवर गोष्ट सोसायटीत पसरली होती. वरच्या मजल्यावरच्या भागुबाई मूळच्या घोटीच्या, त्यांनी येऊन निदान केलं. "माझ्या भाच्याकडं असंच व्हतं. लय दिवस कुणाला समजलं नाय. उंदरानं वायर कुरतडलेली. तुमी पिंजरा लावा." घरात उंदीर नव्हता, पण भागुबाईंना नाही म्हणण्याची कोणाची छाती नव्हती. लताबाईंनी माळ्यावरचा जुना चापाचा पिंजरा काढला, त्यात सुकटीचा तुकडा लावला आणि शोकेसच्या मागे सरकवला. दुसऱ्या दिवशी इंटरनेट कंपनीचा इंजिनीयर आला. त्याने स्वतःचा लॅपटॉप थेट वायरीला लावला, एक गाणं वाजवलं, "लाइन एकदम ओके आहे," असा निर्वाळा दिला आणि वायर पुन्हा होती तशी लावायला शोकेसच्या मागे हात घातला. त्यानंतर त्याने जी किंकाळी फोडली ती गायधनींनी आतून कडी लावून ऐकली. इंजिनीयरच्या बोटाला हळद लावली, त्याला सरबत दिलं, तरी तो जाताना आपल्या मोबाईलवर 'ग्राहक सहकार्य करत नाही' असं नोंदवून गेला. ती नोंद निघेपर्यंत आता दुसरा इंजिनीयर येणार नव्हता.

त्या संध्याकाळी निकिता जरा चाचरतच म्हणाली, "पप्पा, मदतकक्षवाले विचारत होते, मध्ये फायरवॉल वगैरे आहे का म्हणून. तो डबा थोडा वेळ काढून बघू या का?"

पगारेसाहेबांचा चेहरा उतरला. त्यांच्या नोकरीच्या काळात त्यांच्यावर बरेच आरोप झाले होते, पण नाका चुकला असं कोणी म्हटलं नव्हतं. "डबा महिनाभर आहे," ते म्हणाले. "महिनाभर सगळं चालत होतं की नाही? बिघडलं कधी? तुझ्या कंपनीने ओळखपत्र बदललं तेव्हा. मग दोष कोणाचा?"

"तसं नाही हो पप्पा, फक्त बघायला."

"बघ ना. काढून टाक. नाका उघडा टाक. आयुष्यभर आम्ही उभे राहिलो ते मूर्ख म्हणूनच."

आता यावर सुनेने काय बोलावं? रोहितही म्हणाला की डब्याचं काही नसावं, महिनाभर बरोबर चाललंय. मुद्दा बिनतोड होता, आणि सासऱ्याचं मन दुखवून कोणतंही दार उघडायची तिची तयारी नव्हती. तिने पुण्यातल्या मैत्रिणीला फोन लावून भाड्याचं घर बघायला सांगितलं.

रविवारी सामान निघालं. खरं तर एका टेम्पोत मावेल एवढंच न्यायचं ठरलं होतं. पण लताबाईंना वाटलं, पोरीला परक्या गावात काही कमी पडायला नको. त्यांनी पलंग दिला. मग गाद्या दिल्या. मग मोठं पातेलं, पाटा-वरवंटा, लोणच्याच्या बरण्या, आणि ज्याचं पुण्यात काय करायचं हे कोणालाच कळेना असं जातं. देता देता त्या रडत होत्या आणि रडता रडता आणखी देत होत्या. शेवटी दुसरा टेम्पो बोलवावा लागला. पलंगाची चौकट पहिल्या टेम्पोत गेली, फळ्या दुसऱ्यात. मैत्रीची सायकल पहिल्यात आडवी बसेना म्हणून तिचं पुढचं चाक काढलं. सायकल पहिल्यात गेली, चाक दुसऱ्यात.

मैत्री जिन्यात बसून हे सगळं बघत होती. "आजोबा, माझं चाक हरवलं तर?"

"हरवत नाही. मागच्या गाडीत आहे."

"मागची गाडी आलीच नाही तर?"

"येते गं, मागची गाडी येतेच," साहेब म्हणाले. मग ते पास लिहायला आत गेले. सेक्रेटरी या नात्याने त्यांनी स्वतःच पास लिहिला, 'पगारे यांचे घरसामान, बाहेर', खाली सही केली, शिक्का मारला आणि पहिल्या टेम्पोच्या ड्रायव्हरला, नवनाथला दिला. नवनाथने फाटकावर पास दाखवला, वॉचमन वाल्मीकने तो वाचला, ठेवून घेतला, अडसर उचलला. पहिला टेम्पो द्वारकेच्या दिशेने निघून गेला. तिथून पुणे रस्ता.

मग दुसरा टेम्पो फाटकाशी आला आणि वाल्मीकने अडसर खाली केला.

हॉर्न ऐकून पगारेसाहेब खाली उतरले. "काय रे, काय झालं?"

"पास नाय साहेब."

"अरे, दिला ना आत्ता पहिल्या गाडीला!"

"तो त्या गाडीचा. ह्याच्याकडं कुठंय?"

"ही त्याच्याच मागची आहे, वाल्मीक! सामान एकच आहे. मावलं नाही म्हणून दोन गाड्या केल्या. कागद पहिल्याने दाखवला, हा त्याच मालाचा राहिलेला भाग!"

वाल्मीक अदबीने उभा होता, पण हात अडसरावरून हलला नाही. "साहेब, तुमीच सांगितलंय ना. मागचा म्हणे. कोणीबी म्हणेल मी मागचाच हाय. ज्याच्याकडं कागद नाय त्याला सोडायचं नाय."

पगारेसाहेबांनी टेम्पोकडे पाहिलं.

टेम्पोच्या मागच्या बाजूने मैत्रीच्या सायकलचं चाक बाहेर डोकावत होतं. ते चाक, त्या पलंगाच्या फळ्या, त्या बरण्या, काही एक चोरीचं नव्हतं. सगळं एकाच घरचं. वाट अरुंद पडली म्हणून दोन गाड्यांत भरलेलं. आणि आपण नियम केला होता की पहिला जाईल आणि मागचा अडेल, म्हणजे पोचेल काय? बिनचाकाची सायकल आणि बिनफळ्यांचा पलंग! त्याला कोण आत घेईल? पुण्याच्या त्या दाराशी निकिताचं लांबलचक ओळखपत्र मागणारा पहारेकरी उभा असेल. त्याचंही ओळखपत्र तसंच लांबलचक, म्हणजे त्याच्या बाजूने येणारा माल आपल्या घरात येताना मोठा म्हणून तुकडे झाला असेल, आणि आपल्या शोकेसवर...

"अरे बाप रे," पगारेसाहेब म्हणाले.

गुडघा दुखणारा हा माणूस त्या दिवशी तीन मजले लिफ्टची वाट न बघता चढला. घर रिकामं दिसत होतं. निकिता आतल्या खोलीत जमिनीवर बसून ऑफिसला शेवटचा मेल लिहीत होती. डबा शोकेसवर होता, कारण तो काढायचं कोणाच्याही मनात आलं नव्हतं. साहेब पडद्यापुढे बसले आणि त्यांनी अडवलेल्या मालाची नोंद उघडली. ती त्यांनी महिनाभर अभिमानाने बघितली होती, पण वाचली नव्हती. आता वाचली. आठवडाभर, निकिताने जेव्हा जेव्हा ते बटण दाबलं, तेव्हा तेव्हा पुण्याहून उत्तर आलं होतं. तुकड्यातुकड्यांनी आलं होतं, आणि त्यांच्या दाराशी येऊन परत गेलं होतं. माल चोख होता. पाठवणारा चोख होता. आडवा होता तो नाका.

त्यांनी 'अडवा' वरची खूण काढली. 'सरळ सोडा' वर केली नाही, इतकी जुनी सवय एका दिवसात जात नाही. 'जोडून तपासा' वर केली. "निकिता," त्यांनी हाक मारली, "बटण दाब."

"पप्पा, आता कशाला..."

"दाब गं बाई."

निकिताने बटण दाबलं आणि पगारेसाहेब पडद्यावर बघत राहिले. पहिला तुकडा आला. डब्याने त्याला सोडलं नाही, अडवलंही नाही. बाजूला उभं केलं. मग तिसरा आला, दुसऱ्याच्या आधी! साहेब खुर्चीत पुढे सरकले, पण डब्याला त्याचं काही नव्हतं, त्याने तिसऱ्यालाही शेजारी उभं केलं, दोघांमध्ये जागा ठेवून. प्रत्येकाच्या कपाळावर कोणत्या मालाचा आणि कितव्या जागेचा हे लिहिलेलं होतं. कागद नव्हता असं नव्हे, साहेबांना हवा होता तो कागद नव्हता. मग रेंगाळत, कुठून वळसा घालून आला देव जाणे, दुसरा आला. तिघे जुळले. डब्याने जोडलेला माल एकदा वरून खालपर्यंत तपासला आणि आत सोडला. हे सगळं डोळ्याची पापणी लवते न लवते तोच होऊन गेलं, आणि ओळी पुढे धावत राहिल्या, पुढचे तुकडे, पुढचे जोड, अखंड, कोणी न सांगता, कोणी न ओरडता. पगारेसाहेबांनी नकळत हात जोडले.

"पप्पा!" आतून निकिता ओरडली. "लागलं! ऑफिस लागलं!"

लताबाई धावत आल्या, रोहित धावत आला. वरून भागुबाई "उंदीर घावला का?" म्हणून ओरडल्या. निकिताने तिथल्या तिथे मदतकक्षाला फोन लावला, आवाज सगळ्यांना ऐकू येत होता. पलीकडच्या माणसाने विचारलं, "मॅडम, प्रॉब्लेम काय होता शेवटी?"

निकिताने एकदा सासऱ्यांकडे पाहिलं. शोकेसपुढे ते अजून तसेच बसले होते. "काही नाही," ती म्हणाली, "आमच्या इथल्या लाइनमध्ये काहीतरी होतं. झालं आता ठीक."

पगारेसाहेब उठून पुढे आले आणि त्यांनी फोन आपल्याकडे ओढला. "लाइन चांगली होती," ते म्हणाले. "मी पगारे बोलतोय. सासरा. तुमचे तुकडे मी अडवत होतो. तिने विचारलं होतं, मी ऐकलं नाही."

पलीकडचा माणूस म्हणाला, "सर, तुम्ही सांगितलंत हे बरं झालं. आठवडाभर आम्ही इथे वेडे झालो होतो." एवढं बोलून त्याने तक्रार बंद केली. निकिताने तोंडाला ओढणी लावली होती, ती हसत होती की रडत होती हे लताबाईंनाही सांगता आलं नसतं.

मग एकदम रोहितला आठवलं. "अरे, नवनाथ!"

नवनाथ अर्धा संसार घेऊन पुण्याला निघाला होता. पण घरातून निघून एवढा वेळ झाला तरी तो द्वारकेच्या चौकातच उभा होता, पुढे सिटी बस, मागे उसाची गाडी. द्वारकेच्या कोंडीने आजवर पगारेसाहेबांची कितीतरी वर्षं खाल्ली होती. त्या दिवशी त्यांनी तिला मनापासून धन्यवाद दिले. फोनवर नवनाथ वैतागून म्हणाला, "परत येऊ? भाऊ, आधी वळायला तर मिळू द्या!"

तो परत येईपर्यंत पगारेसाहेब फाटकावर जाऊन उभे राहिले. दुसरा टेम्पो अजून तिथेच, अडसराच्या आत, इंजिन बंद करून वाट बघत होता. शेवटी वळणावर नवनाथ दिसला. वाल्मीक अडसर धरून उभा राहिला.

"साहेब, गेलेला तो बाहेरचा पास व्हता. आत यायचा पास नाय. अन् ह्या दोन गाड्या एकाच घरच्या कशावरून?"

सोसायटीत अशी गोष्ट यापूर्वी झाली नव्हती आणि बहुधा पुढेही होणार नाही, पण पगारेसाहेब रागावले नाहीत. त्यांनी वाल्मीकला हाताला धरून आधी नवनाथच्या टेम्पोमागे नेलं, मग दुसऱ्याच्या. "तिकडे पलंगाची चौकट. इकडे फळ्या. बघ. तिकडे सायकल, पुढचं चाक नाही. हे बघ चाक. जुळतं का?"

वाल्मीकने चाकाकडे पाहिलं, सायकलीकडे पाहिलं. "जुळतंय साहेब," तो म्हणाला.

पगारेसाहेबांनी स्वतःच्या हाताने अडसर उचलला आणि नवनाथची गाडी आत येऊन दुसरीच्या शेजारी उभी राहीपर्यंत धरून ठेवला. तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून मैत्री अर्धी बाहेर वाकली होती आणि लताबाईंनी तिला मागून धरलं होतं.

"आजोबा! माझं चाक आलं का?"

"आलं गं!" पगारेसाहेब खालून ओरडले. "खाली ये. जोडून देतो."